बेचाळिसावी जागा

विठ्ठल : नको, आत नको. इथं पडवीतच बरा आहे. आत बोलवायचं की नाही, ते माझं ऐकून झाल्यावर ठरव.

सावळा : बसा, शेठ. छत्तीस वर्षांनी आलात, बसायला कोण नाही म्हणतंय? फक्त ते लॅपटॉपचं दप्तर उघडू नका.

विठ्ठल : ते उघडायलाच जव्हारहून आलोय. मे महिन्याच्या उन्हात, जीपमध्ये मागं बसून. गुडघे कामातून गेलेत माझे. सत्तरी उलटली, सावळा.

सावळा : वनमालावहिनी गेल्याचं कळलं होतं. यायला पाहिजे होतं मी.

विठ्ठल : दोन वर्षं झाली. शेवटी शेवटी चादरीवर बोटानं चौकोन काढत बसायची. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, 'ळ' नीट बसत नाही, सावळा रागवेल.

सावळा : मी कधी रागावलो नाही त्यांच्यावर.

विठ्ठल : ठाऊक आहे. रागावलास तो माझ्यावर.

रखमी : शेठ, मी यांची बायको, रखमी. कोरा च्या ठेवलाय. तुमचं नाव या घरात मी एकदाच ऐकलंय, सासू गेली त्या दिवशी. तुम्ही कोण ते यांनी कधी सांगलं नाय.

विठ्ठल : नवऱ्यानं सांगितलं नाही की हा कॉम्प्युटर शिकलेला माणूस आहे?

रखमी : हे? हे भिवंडीला गोदामात हमाली करत व्हते. मग ठाण्याला वॉचमन. आता दोन वर्षं घरी.

विठ्ठल : हमाली. बरं. वहिनी, ऐका मग. शहाऐंशी साली जव्हारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं एक मशीन विकायला काढलं. चपटं, काळं, टायपिंगच्या बटणांचं. टीव्हीला जोडायचं आणि कॅसेट लावायची. कॅसेट वाजली की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज, पाच मिनिटं, आणि मग पडद्यावर खेळ. मला त्यातलं ओ की ठो कळेना. हा बारावी होऊन माझ्याकडे सोल्डरिंग शिकायला आलेला. ते इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन तीन महिन्यांत संपवलं यानं.

सावळा : साडेचार महिने लागले.

विठ्ठल : साडेचार. आणि मग आम्ही कंपनी काढली. 'कळसूत्र संगणक, जव्हार.' दुकानावरची खोली, हा, मी आणि माझी वनमाला. मराठीतून खेळ, तेही पोस्टानं. तेव्हा मराठी अक्षर त्या मशीनला ठाऊकच नव्हतं. वनमालानं आलेखाच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं, यानं ते मशीनमध्ये भरलं. जोडाक्षरं मात्र मावली नाहीत. म्हणून आमच्या खेळांत जोडाक्षर एकही नसायचं. 'रस्ता' लिहायचा नाही, 'वाट' लिहायची.

सावळा : शेठ, हे तिला सांगायला आलात का?

विठ्ठल : नाही. तिसऱ्या खेळाबद्दल आलोय. 'पाणवाट'.

सावळा : मग च्या घ्या आणि जीप चुकवू नका. शेवटची चारला असते.

रखमी : तुम्ही थांबा हो. पाणवाट म्हंजे काय, शेठ?

विठ्ठल : हाच पाडा, वहिनी. खेळणारा म्हणजे एक पोर, डोक्यावर हंडा. उन्हाळा, विहिरी कोरड्या. पाड्यावरून निघायचं आणि पाणी शोधायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, एकेक अक्षर दाबत जायचं. चित्र नाही, नुसते शब्द. इथला प्रत्येक ओहळ, प्रत्येक आंबा यानं त्यात घातलेला. एकेचाळीस जागा. मी म्हणायचो, अरे, लोकांना लढाया पाहिजेत, पाणी कोण शोधत बसेल? पण सगळ्यात जास्त कॅसेटी त्याच गेल्या.

रखमी : ती पोर कोंडी व्हती का?

सावळा : तुला कोणी सांगितलं?

रखमी : सासूनं. तुमची बहीण कोंडी नऊ वर्साची असताना पाण्याला गेली, ती परत नाय आली. पाड्यात सगळ्यांना ठाव हाय. तुम्हीच बोलत नाय.

सावळा : एकोणऐंशी साल. बापूस, काका, पाड्यातली सगळी माणसं आठ दिवस फिरली. मग पाऊस पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा. मोठा झालो तसा एकटा फिरलो. आणि मग ते मशीन हाती आलं. वाटलं, पायांनी जेवढं फिरता येत नाही तेवढं यात फिरता येईल. सगळ्या वाटा मांडल्या तर एखादी न शोधलेली राहिली असेल ती दिसेल. तेवढ्यासाठी लिहिला तो खेळ. शेठना एका रात्री सांगितलं होतं हे सगळं. फक्त शेठना. आणि त्यांनी काय केलं ते विचार त्यांना.

विठ्ठल : तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

सावळा : लोकांची पत्रं आली. सांगलीचा एक मास्तर, मालेगावचे एक डॉक्टर, वर्ध्याच्या एक बाई. एकमेकांना न ओळखणारी माणसं. तिघांनी एकच लिहिलं. कोरड्या ओहळातून तीनदा खाली गेलं की एक सपाट काळा खडक लागतो, वर उंबर, आणि खडकावर एक पोर पाठमोरी बसलेली असते. तिचं पुढं काय करायचं ते कळवा. अशी जागा मी लिहिलीच नव्हती, रखमे. आणि ती पत्रं या माणसानं महिनाभर माझ्यापासून लपवून गल्ल्यात ठेवली. मी विचारलं, तुम्ही घातलंत का हे? खेळ खपावा म्हणून माझ्या बहिणीला खडकावर बसवलंत का? तर हे गप्प. एक शब्द नाही.

विठ्ठल : गप्प राहिलो. खरं आहे.

सावळा : मी वहिनींच्या आलेखाच्या वह्या फाडल्या आणि निघालो. तेवढं एक चुकलं माझं. वह्या त्यांच्या होत्या.

विठ्ठल : आता माझं ऐक. पहिलं पत्र आलं तेव्हा मी हसलो. दुसरं आलं तेव्हा रविवारी दुकानाचं शटर ओढून एकटा बसलो आणि कॅसेट लावली. ओहळातून तीनदा खाली गेलो. खडक आला. पोर आली. सावळा, मला एक ओळ लिहिता येत नव्हती त्या मशीनवर, तुला ठाऊक आहे. मी काय घालणार त्यात? तू विचारलंस, तुम्ही घातलंत का. नाही म्हटलं असतं, तर मग कोणी घातलं ते सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तू रानात शिरशील आणि बाहेर येणार नाहीस. माझ्यावर चिडून निघून गेलास तर निदान जिवंत राहशील.

सावळा : मी तरीही शिरलो रानात. चार उन्हाळे. सूर्यमाळच्या रानात सतरा उंबर आहेत, सतराही उंबरांखाली जाऊन बसलो. सपाट खडक एकाखालीही नाही.

विठ्ठल : म्हणजे मी गप्प राहून काहीच वाचवलं नाही.

सावळा : आज का आलात?

विठ्ठल : रुचिरामुळे. माझी मुलगी. तू गेलास तेव्हा तीन वर्षांची होती. ठाण्याला सॉफ्टवेअरमध्येच आहे. दुकान आवरताना तिला पाणवाटची एक कॅसेट सापडली. तिनं ती या लॅपटॉपमध्ये उतरवली, जुनं मशीन आत आहे असं लॅपटॉपला भासवता येतं म्हणे. मी तिला कधी काही सांगितलेलं नाही. आणि परवा सकाळी चहा पिताना ती मला विचारते, बाबा, त्या खडकावरची पोर कोण?

रखमी : देवा.

विठ्ठल : मग मी सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस बसून त्या कॅसेटमधली ओळ अन् ओळ छापून काढली. हे घे कागद. एकेचाळीस जागा आहेत. खडक नाही. उंबर हा शब्दच नाही त्यात. ती म्हणाली, बाबा, हे शक्य नाही, पण दिसतंय तर खरं. हे त्या काकांना दाखवा, त्यांना वाटत असेल तुम्ही केलंत. म्हणून आलो. माफी मागायला नाही, मी केलेलंच नाही ते. पण तुझी छत्तीस वर्षं माझ्या गप्प राहण्यात गेली, तेवढं माझं.

सावळा : ही माझीच ओळ. 'करवंदीची जाळी. पुढे वाट फुटते.' इथं 'काटेरी' लिहिलं होतं, जागा पुरेना म्हणून खोडलं.

विठ्ठल : चालू करू?

रखमी : नको, शेठ. दुपार टळायला लागली, जीप जाईल तुमची.

विठ्ठल : जीप गेली तर उद्या जाईन. सावळा?

सावळा : द्या इकडं.

(सावळा लॅपटॉप पुढ्यात ओढून घेतो. बराच वेळ फक्त बटणांचा आवाज.)

रखमी : काय दिसतंय? मला वाचता येत नाय, मोठ्यानं बोला.

सावळा : पाडा सोडला. आंब्यापाशी आलो. करवंदीची जाळी. डावीकडे. 'ओहळ कोरडा आहे.' आता खाली.

विठ्ठल : तीनदा.

सावळा : एक. 'ओहळ कोरडा आहे.' दोन. 'ओहळ कोरडा आहे.' तीन.

विठ्ठल : आलं?

सावळा : 'सपाट काळा खडक. वर उंबर. खडकावर एक पोर बसली आहे.'

विठ्ठल : पाठमोरी.

सावळा : नाही.

विठ्ठल : पुढं 'पाठमोरी' असं असतं. मी पाहिलं, रुचिरानं पाहिलं, पत्रांतही तेच होतं.

सावळा : इथं नाही, भाऊ. इथं लिहिलंय, 'पोर वळून बघते.'

विठ्ठल : बंद कर.

सावळा : थांबा. आणखी एक ओळ येतेय. हळूहळू येतेय, एकेक अक्षर.

रखमी : वाचा ना मोठ्यानं.

सावळा : 'दादूस, परीक्षा झाली का?'

विठ्ठल : काय म्हणालास? दाखव. हे नाही येऊ शकत. सावळा, 'क्ष' आपल्याकडे नव्हता. वनमालानं तो काढलाच नव्हता. या मशीनला ते अक्षर माहीतच नाही.

सावळा : नीट बघा त्या अक्षराकडे. उलटं आहे.

विठ्ठल : हो. गाठ उजवीकडे आलीय.

सावळा : कोंडी तसाच काढायची. शाळेत घातली नव्हती तिला, मी पाटीवर शिकवायचो. 'क'पासून निघून 'क्ष'पर्यंत आलो होतो. रोज पुसून सांगायचो, अगं गाठ डावीकडे. ऐकायची नाही. 'ज्ञ' शिकवायचा राहिला.

रखमी : परीक्षेचं काय विचारते ती?

सावळा : त्या दिवशी सातवीची माझी परीक्षा होती, मोखाड्याला. पाण्याला नेहमी आम्ही दोघं जायचो. सकाळी ती म्हणाली, दादूस, आज लांब जायला लागेल, जवळचं पाणी आटलं, तू चल. मी म्हटलं, तू पुढं हो, परीक्षा झाली की येतो. आयसला सांगितलं, ती न विचारता गेली. बापूसला पण तेच सांगितलं. आजपर्यंत हे कोणाला ठाऊक नाही. भाऊ, तुम्हाला पण त्या रात्री सांगितलं नव्हतं.

विठ्ठल : नव्हतं सांगितलंस.

सावळा : ते खडकाचं तुम्हीच केलं असतंत तर बरं झालं असतं.

विठ्ठल : उत्तर देऊ नकोस तिला.

सावळा : सेहेचाळीस वर्षं वाट बघतेय ती. 'झाली' एवढंच लिहितो.

विठ्ठल : सावळा.

सावळा : लिहिलं.

रखमी : काय बोलली?

सावळा : 'मग ये. खाली आहे मी.'

विठ्ठल : कुठं निघालास? खाली बस. अरे, वहिनी, धरा त्याला.

सावळा : ओहळाकडं जाऊन येतो. खालच्या अंगाला एक उंबर आहे, विहिरीवरचा. तिथं नीट बघितलं नव्हतं मी.

रखमी : तुम्ही बसा. बसा म्हणते ना. त्या विहिरीवर असं एकटं जायचं नाय. आता मी बोलते, मग कुठं जायचं तिथं जावा.

सावळा : तुला काय ठाऊक आहे?

रखमी : विहीर खणली तव्हा तुम्ही ठाण्याला ड्यूटीवर व्हता. सोळा वर्सं झाली. पाड्यातल्या सगळ्या बाया खणायला व्हतो. ओहळाच्या काठाला, उंबराखाली. दहा हात गेल्यावर सपाट खडक लागला. काळा. उंबराच्या मुळ्या त्यावर पसरलेल्या.

सावळा : खाली. जमिनीत.

रखमी : खडकाच्या कडेला गाळ व्हता. गाळात पितळेची वाटी निघाली. लहान, काठ चेपलेला. तुमची आयस काठावर बसलेली, तिनं हातात घेतली आणि ओळखली. ओहळ आटला की त्याच्या तळाला झिरा, म्हंजे खड्डा खणायचा आणि वाटी-वाटीनं पाणी काढायचं, तसं तिनं कोंडीला शिकवलेलं. कड कोसळली असंल. मग पावसात गाळ आला, त्यावर माती आली. तुम्ही सगळे वरून फिरत राहिला.

सावळा : आणि हाडं?

रखमी : हाड एक नाय मिळालं. वाटीच.

सावळा : आयसनं मला का नाही सांगितलं?

रखमी : ती बोलली, सावळ्याला कळलं तर तो विहीर बुजवंल, नायतर त्यात उडी टाकंल. दोन्ही नको. एक पोर गेली, पाड्याला पाणी तरी मिळू दे. आम्हा सगळ्या बायांना उंबराची शपथ घातली तिनं. वाटी परत गाळात ठेवली, मग गड्यांनी खडक फोडला आणि पाणी आलं. मरताना तिनं मला बोलावून सांगितलं, जव्हारचा विठ्ठलशेठ कधी आला तर त्याला घरात घे, त्याचा काय दोष नाय.

विठ्ठल : त्यांना कसं ठाऊक होतं माझा दोष नाही ते?

रखमी : ते नाय सांगलं तिनं.

सावळा : सोळा वर्षं. त्याच विहिरीचं पाणी मी प्यायलो.

रखमी : सगळा पाडा प्याला. आजूबाजूला टँकर येतात, आपल्याकडं नाय. वैशाखात पण तिच्यात पाणी असतं. तुम्ही कधी विचारलं, कसं असतं? गडी माणूस पाण्याला जात नाय, म्हणून तुम्हाला कळत नाय.

सावळा : काय कळत नाही?

रखमी : कशाला सांगू? शेठ हसतील.

विठ्ठल : मी आज हसायचा नाही, वहिनी.

रखमी : भरला हंडा एकटीनं डोक्यावर घेता येत नाय. दुसरी कोण तरी लागते हात लावायला. त्या विहिरीवर लागत नाय. एकटी गेलं तरी खालून हात लागतो आणि हंडा वर येतो. पहिल्यांदा मी हंडा टाकून पळालेली. शेजारची सुकरी आठ दिवस तापानं पडली. आता सवय झाली. पाड्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. पोटुशी बाई पण निवांत जाते तिथं.

विठ्ठल : आणि हे कोणी पुरुषांना सांगितलं नाही.

रखमी : सांगलं असतं तर भगत आणला असता, कोंबडं कापलं असतं, तिला हाकललं असतं. ती काय वाईट करते? लहान हात असतात तिचे. गार.

विठ्ठल : सावळा, स्क्रीनकडे बघ. पहिली जागा आलीय. पुन्हा पाडा.

सावळा : राहू द्या. रखमे, हंडा कुठाय?

रखमी : सकाळचा भरलाय.

सावळा : दुसरा दे. रिकामा. भाऊ, तुम्ही आत बसा, घरात. उन्हं उतरली की येतो आम्ही.

विठ्ठल : वहिनी, तुम्ही त्याच्याबरोबर राहा. हात सोडू नका त्याचा.

रखमी : नाय सोडत. आणि ऐका हो, तिथं रडायचं नाय, काय विचारायचं नाय. पाणी भरायचं आणि निघताना 'येतो गं' म्हणायचं. आम्ही सगळ्या म्हणतो. नाय म्हटलं तर ती आंब्यापर्यंत मागं येते.